तगरीवरची डोळेवाली हिरवी अळी: पंप मारण्याआधी एकदा वाचा

ओसरी
१६ जुलै, रात्री १०:१०

आमचं घर तळमजल्यावर, पुण्यात सिंहगड रस्त्याला. मागच्या दाराशी हात-दीड हात रुंदीची मातीची पट्टी आहे. तिथे सासूबाईंनी लावलेली डबल तगर आता माझ्या डोक्याच्याही वर गेली आहे. रोज देवाला फुलं तिचीच.

गेल्या पावसाळ्यात आठवडाभरात तिची निम्मी पानं गेली, नुसते देठ आणि शिरा उरल्या. कोणीतरी फवारणीवाल्याला बोलावलं. तो पंप मारून गेला आणि दुपारी मी कपडे वाळत घालायला गेले तर फरशीवर बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार अळ्या पडलेल्या. काही अजून वळवळत होत्या. मोजल्या, अकरा होत्या. एकीला उचलून पानावर ठेवलं, पण तिच्या पायांनी पान धरलं नाही. मानेशी दोन निळे-पांढरे डोळे होते तिच्या. त्या दुपारनंतर मला जेवण गेलं नाही. आणि तगर? महिन्याभरात पुन्हा पानांनी भरली. अळ्या आणखी आठ-दहा दिवसांत आपणहून झाडावरून उतरल्या असत्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

यंदा मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं की या झाडाला पंप लावायचा नाही. जूनपासून रोज दिवेलागणीनंतर टॉर्च घेऊन झाडापाशी उभी राहते. वहीत जे टिपलं ते इथे लिहिते आहे, कारण अशा अळ्यांचे फोटो टाकून 'कोणतं औषध मारू?' असं विचारणारे खूप दिसतात. ही अळी कण्हेरीच्या पतंगाची आहे. इंग्रजीत त्याला ओलिएंडर हॉक मॉथ म्हणतात.

२१ जूनला पहिली अंडी दिसली. एकूण सहा, सगळी वेगवेगळ्या पानांवर, एकेकटी. मोहरीच्या दाण्याएवढी, गोल, फिकट पोपटी. चार पानांच्या खालच्या अंगाला, दोन वरच्या. मोठ्या पतंगाच्या मानाने अंडं फारच लहान वाटतं. दोन दिवस काही फरक दिसला नाही, मग रंग पिवळसर झाला. २५ ला सकाळी पाच अंडी रिकामी होती, सहावं तसंच सुकून गेलं.

नुकती निघालेली अळी हिरवी नसते, पिवळी असते. लांबी तीन-चार मिलिमीटर, आणि मागच्या टोकाला काळं, केसासारखं बारीक शिंग, अंगाच्या मानाने भलतंच लांब. भिंगाखाली पाहिलं तर ती चालताना ते शिंग लवत होतं. पानाचं खाणं सुरू झालं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पिवळ्यावर हिरवी झाक चढली.

पुढचे सगळे दिवस खाण्याचे. कोवळ्या पानाला आधी लहानसं भोक, मग कडेपासून अर्धचंद्र, मग अख्खं पान देठापर्यंत. तगरीचं पान तोडलं की चीक येतो, हाताला चिकटतो, वाळला की काळा पडतो. त्याच चिकात तोंड घालून ही खाते. दिवसा पानाच्या मधल्या शिरेला उलटी लटकून राहते आणि तिथे इतकी मिसळून जाते की झाडावर ती शोधूच नये, जमिनीवर लेंड्या शोधाव्यात. लेंड्या दिसल्या की सरळ वर बघायचं. मोठ्या अळीची लेंडी मिऱ्याएवढी असते आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने सहा खोबणी असतात, साच्यातून काढल्यासारख्या. मी एक कागदावर ठेवून किती तरी वेळ बघत बसले होते.

कात चार वेळा टाकली. प्रत्येक वेळी आधी पाऊण-एक दिवस खाणं बंद, हलणं बंद. याच वेळी लोक 'अळी मेली' समजून फेकतात. कृपा करून थांबा. लहानपणी मानेवर डोळे नव्हते, कात टाकत मोठी होत गेली तसे उमटले. शेवटच्या कातीनंतर ते स्पष्ट झाले: आत पांढुरकं, भोवती निळं, कडेला काळी रेघ. दोन्ही बाजूंनी अंगभर पांढरा पट्टा आणि त्याच्या आसपास पांढरे ठिपके, कोणी पिठाच्या बोटांनी टिपल्यासारखे. आणि ते लांब काळं शिंग? ते आखूड, जाडसर, पिवळं-नारिंगी झालं, खाली वाकलेलं.

डोळ्यांचं काम मी स्वतः पाहिलं. फांदीला धक्का लागला तशी तिने डोकं आत ओढून घेतलं, मानेचा भाग फुगला आणि डोळे ताणून मोठे झाले. खरं डोकं खाली दडलेलं आणि समोर एखाद्या मोठ्या जनावराचा चेहरा. शेजारच्या फांदीवर आलेला बुलबुल तिच्याकडे वळला आणि परत फिरला. अर्थात पक्षी नेहमी फसतात असं नाही, कारण पाचांतली एक तिसऱ्याच दिवशी गायब झाली.

१२ जुलैला सकाळी माझ्या पोटात गोळा आला. आदल्या दिवशीपर्यंत हिरव्यागार असलेल्या तीन अळ्या मळकट झालेल्या. पाठ जळक्या तपकिरी रंगाची, बाजू गढूळ पिवळ्या, डोळे काळे. वाटलं, शेजारून कोणी औषध मारलं. पण त्या खात नव्हत्या तरी झपाझप चालत होत्या, खोडावरून खाली. हेच त्यांचं उतरणं. कोष करायची वेळ झाली की रंग मातीचा होतो, कारण आता पानांत नाही, पालापाचोळ्यात लपायचं असतं.

आणि इथेच आपण त्यांना मारतो. झाडाखाली झाडून लख्ख केलेलं अंगण किंवा फरशी असेल तर ती अळी उन्हात फिरत राहते. एक माझ्या डोळ्यांदेखत फरशीच्या फटीत शिरली, परत दिसली नाही. दोघींना मी उथळ ट्रेमध्ये ओलसर माती आणि वर वाळक्या पानांचा थर करून ठेवलं, वर जाळी. त्यांनी पानं तोंडातल्या धाग्याने सैलसर बांधली आणि आत गेल्या. रेशमाच्या किड्यासारखं धाग्याचं घट्ट कवच नसतं, पानं नुसती टाचलेली असतात. १४ ला हलकेच एक पान बाजूला केलं तर आत बदामी रंगाचा गुळगुळीत कोष. पोटाच्या बाजूने मधोमध एक काळी रेघ, सोंडेची जागा. बोट लावलं तर शेपटाकडचा भाग वळवळला. लगेच पान परत ठेवलं.

पाचवी अळी मात्र वेगळीच दिसते आहे. अजून झाडावर आहे, हिरवी पण निस्तेज, खात नाही, डोक्यामागे तीन-चार पांढरे लांबट ठिपके चिकटलेले आहेत, ते पुसून जात नाहीत. कोणाला काही कळतंय का?

माचीवरचा
१६ जुलै, रात्री ११:३२

ओसरीताई, फार मन लावून पाहिलंत. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये याला नाव दिलं, कण्हेरीच्या 'नेरियम' या नावावरून 'नेरी'. कण्हेर, तगर, सदाफुली, सातवीण, अडेनियम, सगळी एकाच कुळातली, आणि बहुतेक चिकाळ. ही अळी मुख्यतः त्यांवर जगते.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या भागातल्या हॉक मॉथच्या, म्हणजे या पतंगाच्या कुळातल्या पतंगांच्या, अळ्यांविषयी जे मुळातून माहीत झालं, त्यातलं पुष्कळसं कारवारला झालं. टी. आर. बेल हे वनखात्यातले अधिकारी तिथे राहत. त्यांनी शेकडो प्रकारच्या अळ्या घरी वाढवल्या, कोणती कशावर जगते, कात किती वेळा टाकते, कोष कुठे करते हे सगळं टिपलं. एफ. बी. स्कॉट यांच्यासोबत त्यांनी हॉक मॉथवर लिहिलेला 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेचा खंड १९३७ मध्ये निघाला. आजही अळीवरून पतंग ओळखताना अभ्यासक तो उघडतात. तुमची वही त्याच रीतीची आहे, म्हणून ती ठेवून द्या. तारीख, झाड आणि पाऊस, एवढं तरी प्रत्येक नोंदीला असू द्या.

केवडा
१७ जुलै, सकाळी ७:०५

फोंड्याहून लिहिते आहे. आमच्याकडे सदाफुलीच्या कुंडीत हीच अळी आली होती. मुलाने हातात घेतली तशी शेजारच्या आजी ओरडल्या, 'अंगाला खाज सुटेल, सोड ती!' तेव्हापासून मुलगा कुंडीजवळ जात नाही. खरंच खाज येते का? आणि ते शिंग टोचतं का?

माचीवरचा
१७ जुलै, सकाळी ८:२०

केवडाताई, नाही. खाज येते ती केसाळ सुरवंटांनी, त्यांचे केस कातडीत रुततात. या अळीच्या अंगावर केसच नाहीत. शिंगाला नांगी नसते, विष नसतं, ते टोचतही नाही. आजींचं भय केसाळ सुरवंटांच्या बाबतीत अगदी रास्त आहे, म्हणून मुलाला एवढंच शिकवा: केसाळ दिसली तर लांबून, गुळगुळीत आणि शिंगवाली असेल तर हळूच.

मात्र कण्हेरीवरची असेल तर हात धुवायला लावा. अळीमुळे नाही, कण्हेरीच्या चिकामुळे. कण्हेरीत ओलिअँड्रिन नावाचं विष असतं, ते सरळ हृदयावर परिणाम करतं. गुरंसुद्धा सहसा कण्हेरीला तोंड लावत नाहीत. ती पानं ही अळी दिवसरात्र खाते आणि तिला काही होत नाही. तुमच्या सदाफुलीतूनच कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं मिळाली, म्हणजे तीही साधी वनस्पती नाही. एवढं जहाल जेवण पचवणारं पोट आहे त्या अळीचं.

वेताळटेकडी
१७ जुलै, दुपारी १:४५

ओसरी, पाचवीबद्दल वाईट बातमी आहे. ते पांढरे ठिपके परजीवी माशीची अंडी आहेत. टॅकिनिड माश्या म्हणतात त्यांना. दिसायला घरमाशीसारख्या, पण अंगावर राठ केस. माशी अळीच्या कातडीवर अंडं चिकटवते, बहुधा डोक्यामागेच, कारण अळीचं तोंड तिथे पोचत नाही. अंड्यातून निघालेला किडा आत शिरतो आणि अळीला आतून खाऊन मोठा होतो. अंडी उबण्याआधी अळीने कात टाकली तर ती कातीबरोबर निघून जातात आणि अळी वाचते. शेवटच्या कातीनंतर मात्र ती सोयच उरत नाही.

कधी कधी अळीच्या पाठीवर तांदळाएवढे पांढरे कोषही उभे दिसतात. लोकांना ती अळीची अंडी वाटतात. ते ब्रॅकोनिड जातीच्या बारीक गांधीलमाशीचे कोष. अळीने अंडी घालणं शक्यच नाही, अंडी फक्त पतंग घालतो.

तिला झाडावरून काढू नका. तुम्हाला दुःख होईल हे समजतं, कारण पंधरा-वीस दिवस रोज पाहिलेली अळी आहे. पण दरवर्षी तुमच्या तगरीवर फार तर दहा-बारा अळ्या होतात, पाचशे होत नाहीत, ते या माश्यांमुळे आणि बुलबुल-भारद्वाजांमुळे. फवारणीत आधी माश्या मरतात. मग पुढच्या खेपेला अळ्या जास्त येतात आणि माणूस म्हणतो औषध कमी पडलं.

ओसरी
१७ जुलै, रात्री ९:१५

वेताळटेकडी, धन्यवाद. आज संध्याकाळी तिच्याजवळ उभी होते. पानाला धरून आहे, पण फांदी हलवली तरी मान आत घेत नाही. काढणार नाही.

मळाकाठ
१८ जुलै, सकाळी ६:४०

मी सांगली जिल्ह्यात छोटी नर्सरी चालवतो. तुमचं सगळं वाचलं, आवडलंही, पण आमची बाजूही सांगतो. तुमची तगर डोक्याएवढी आहे, ती सोसते. माझ्याकडे अडेनियमची कलमं आहेत, एकेका रोपाला मोजून दहा-बारा पानं. दोन अळ्या एका रात्रीत रोप भुंडं करतात आणि भुंडं रोप कोणी घेत नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही फवारायचो.

आता रोज पहाटे एक बाई आणि मी रांगांमधून फिरतो, लेंड्या बघून अळ्या वेचतो आणि बांधावरच्या कण्हेरीवर नेऊन सोडतो. कण्हेर सहा-सात आहेत, वाढलेल्या आहेत, त्यांना काही फरक पडत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. औषधाचा खर्च वाचला, हे खरं कारण होतं सुरुवातीला, ते लपवत नाही. पण आता पहाटे त्या अळ्या हातात घ्यायची सवय झाली आहे. पकड मोठी घट्ट असते, ओढायची नाही, पानासकट तोडायची. ओढली तर पायाचा भाग तुटतो.

निंबोळी अर्काने लहान अळ्या खाणं सोडतात, हेही करून पाहिलं आहे. मोठ्या झालेल्या अळीवर त्याचा काही उपयोग झाला नाही.

वेताळटेकडी
१८ जुलै, सकाळी ९:५०

मळाकाठ, तुमचा उपाय मला सगळ्यांत पटला. फक्त तगरीवरची अळी कण्हेरीवर सोडताना ती फार मोठी नसावी. एका झाडावर वाढलेली मोठी अळी कधी कधी नव्या झाडाचं पान खायला कुरकुर करते. अडेनियमवरची कण्हेरीवर जाते हा तुमचा अनुभव मोलाचा आहे, तो आणखी कोणी पाहिला असेल तर लिहा.

नीलांबरी
१८ जुलै, रात्री ११:५५

मी इटलीत मिलानजवळ राहते. इथे कण्हेर घरोघरी मोठ्या कुंड्यांमध्ये, गुलाबी, पांढरी, पिवळसर. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीच्या दारातल्या कण्हेरीवर ही अळी पाहिली आणि माहेरच्या अंगणातली तगर आठवून रडू आलं. इथल्या शेजारणीला ती नवीन होती. आपल्याकडे हा पतंग कायमचा रहिवासी, इथे तो पाहुणा. उन्हाळ्यात आफ्रिकेकडून भूमध्य समुद्र ओलांडून येतो, कण्हेरीवर अंडी घालतो, एखादी पिढी वाढते, पण इथली थंडी त्याला सोसत नाही. एवढा समुद्र रात्रीचा उडून पार करतो हे कळल्यापासून मी त्याच्याकडे फार वेगळ्या नजरेने बघते.

धूळपाटी
१९ जुलै, सकाळी १०:२०

माझा प्रश्न कदाचित वेगळा आहे. आमच्या नागपूरच्या घरी संध्याकाळी मधुमालतीवर एक पाहुणा येतो. फुलापुढे हवेत एका जागी थांबतो, लांब सोंड घालतो, क्षणात दुसऱ्या फुलावर. मुलगी म्हणते हमिंगबर्ड आहे. तो हाच का?

माचीवरचा
१९ जुलै, दुपारी १२:०५

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, भारतात एकही नाही. तुम्ही पाहिलेला हॉक मॉथच, पण उजेड असताना आला तर बहुधा दुसऱ्या जातीचा. मॅक्रोग्लोसम गटातले छोटे, तपकिरी हॉक मॉथ दिवसा आणि संध्याकाळी फुलांवर असतात. पारदर्शक पंखांचाही एक दिवसाच फिरतो. कण्हेरीचा पतंग पुरता काळोख पडल्यावर निघतो, जाई, मोगरा, रातराणी यांच्या वासावर येतो. पांढरी, लांब नळीची, रात्री घमघमणारी फुलं आणि हॉक मॉथ यांची जोडी फार जुनी. पपईच्या फुलांवरही रात्री हेच परागण करतात.

या जोडीवरून डार्विनने १८६२ मध्ये एक अंदाज केला होता. मादागास्करच्या एका ऑर्किडच्या फुलाला जवळजवळ फूटभर लांब मधाची नळी होती. डार्विन म्हणाला, तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. त्याच्या मृत्यूनंतर, १९०३ मध्ये, तसा हॉक मॉथ शास्त्रात नोंदला गेला. मुलीला ही गोष्ट नक्की सांगा.

शिरीषपान
२० जुलै, रात्री ८:३०

दिव्यावर झेपावणारा पतंग आपल्या कवितांमधून लहानपणापासून ऐकत आलो. तो खरंच दिव्याच्या ओढीने येतो का? आमच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटजवळ दर पावसाळ्यात एखादा हिरवा मोठा पतंग बसलेला असतो, हाच वाटतो.

वेताळटेकडी
२० जुलै, रात्री १०:४०

याचं एक चांगलं उत्तर २०२४ च्या जानेवारीत आलं. संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवती उडणारे कीटक टिपले. कीटक दिव्याच्या दिशेने जातच नव्हते, ते दिव्याकडे पाठ करत होते. रात्री उडताना वर काय आणि खाली काय हे त्यांना आकाशाच्या उजेडावरून कळतं: उजेड पाठीवर असला म्हणजे आपण सरळ आहोत. लाखो वर्षं हे बरोबर चाललं. मग आपण बल्ब लावले. कीटक बल्बला पाठ द्यायला जातो, वळतो, पुन्हा वळतो आणि गोल गोल फिरत अडकून राहतो. ओढ नव्हे, दिशाभूल.

आणि आपल्या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं: त्या प्रयोगांत जे मोजके कीटक फसले नाहीत, त्यांत आपला कण्हेरीचा पतंग होता. तो दिव्यावरून सरळ उडून गेला. म्हणजे त्याला हे दुर्लक्षित करता येतं, निदान काही वेळा. तुमच्या जिन्यात तो सापडतो हेही खरंच आहे, मलाही दिव्याजवळच्या भिंतींवर सापडला आहे. पण जिन्यातला दिवा रात्री अकरानंतर बंद ठेवता आला तर ठेवाच.

बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डॉ. संजय साने यांच्या प्रयोगशाळेत कीटकांच्या उड्डाणाचा अभ्यास चालतो आणि त्यासाठी हाच पतंग तिथे वाढवला जातो. त्यांचं २००७ मधलं काम दुसऱ्या एका हॉक मॉथवरचं आहे. पतंगाच्या मिशा काढल्या तर तो उडताना धडपडतो, आणि त्याच मिशा गोंदाने परत चिकटवल्या की पुन्हा नीट उडतो. मिशांच्या मुळाशी तोल जाणवण्याची यंत्रणा असते. म्हणून पतंग हातात घ्यायची वेळ आली तर मिशांना अजिबात धक्का लावू नका.

केवडा
२१ जुलै, सकाळी ७:३०

मुलाने आज अळी हातावर घेतली. आजीही बघायला आल्या. त्यांनी हात लावला नाही, पण चष्मा काढून, पुसून, परत घालून बघितली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंगांचा आठवडा पाळतात ना? आम्ही गच्चीवर पांढरी चादर लावून दिवा ठेवायचं म्हणतोय. वरचं वाचून आता शंका येते आहे.

माचीवरचा
२१ जुलै, सकाळी ९:१०

हो, २०१२ पासून होतो. चादर जरूर लावा, पण तास-दीड तास. नंतर दिवा विझवा आणि चादर झटकू नका, तशीच पहाटेपर्यंत राहू द्या. मग उजाडायच्या आत पतंग उतरवून झुडपांत ठेवा, नाहीतर पक्ष्यांना आयती न्याहारी होते.

ओसरी
२८ जुलै, रात्री ११:५०

आला! सविस्तर लिहिते, हात अजून थरथरतायत.

काल कोषाचा रंग गडद झाला होता, आज दुपारी पंखांच्या जागी हिरवट सावली दिसायला लागली. मी ट्रेमध्ये खरबरीत सालीची एक काटकी तिरपी करून ठेवली, चढायला. सव्वानऊला पानं हलली. कोष डोक्याकडून फाटला आणि ओलसर, केसाळ असं काहीतरी बाहेर आलं. पंख नखाएवढे, चुरगळलेले. मला वाटलं अधू आहे. तो थेट काटकीकडे गेला, चढला आणि पाठ खाली करून लटकला. मग पंख भरायला लागले, पाण्यात कागद उलगडतो तसे. वीस-बावीस मिनिटांत पूर्ण लांबीचे झाले, पण मऊ होते, काठ हलत होते.

रंग कसे सांगू? शेवाळी हिरवा, गडद आणि फिकट, त्यात पांढरट-गुलाबी लाटा, कडेला जांभळट छटा. पंखाच्या मुळाशी पांढुरका डाग आणि त्यात हिरवा ठिपका, पुन्हा डोळाच. मागचे पंख करडे-तपकिरी, त्यांवर एक फिकट नागमोडी रेघ. पंख पसरून चार इंच भरेल. खाली पानावर लालसर पाण्याचे दोन थेंब पडले. रक्त वाटून घाबरले होते, पण ती कोषात साठलेली घाण तो बाहेर पडल्यावर टाकतो.

मग सासूबाईंना उठवून आणलं. त्या स्टूल घेऊन बसल्या. अकरा वाजून गेले तरी हलेना. मग पंख थरथरायला लागले, फडफड नाही, थरथर, आणि बारीक गुणगुण. थंड अंगाने हॉक मॉथला उडता येत नाही, आधी छातीचे स्नायू असे हलवून अंग तापवावं लागतं. पाच मिनिटं चाललं. मी जाळी काढली. तो सरळ वर उठला, तगरीच्या शेंड्यापाशी क्षणभर थांबला आणि भिंतीवरून गेला. दारातला दिवा मी आधीच घालवला होता. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी पानं दिली की तिने."

पाचवी २० तारखेलाच गेली. खाली दोन लालसर-तपकिरी कोष सापडले, माशीचे. तेही मातीतच ठेवले आहेत.

वेताळटेकडी
२९ जुलै, सकाळी ६:१५

२१ जून ते २८ जुलै, ३७ दिवस. अंडं चार, अळी साधारण सतरा-अठरा, उरलेले कोषाचे. पावसाळी पुण्यात अगदी जुळणारं. थंडीत कोषाचा काळ लांबतो, हे पुढच्या वहीसाठी. दुसऱ्या कोषाला हात लावू नका आणि माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नका, दिवसाआड पाण्याचे थेंब शिंपडा. ओल फार झाली तर बुरशी धरते.

मळाकाठ
२९ जुलै, सकाळी ६:५०

ताई, वाचून आमच्या घरच्यांनाही बोलावून दाखवलं. बांधावरच्या कण्हेरीखालचा पाला आम्ही दर महिन्याला जाळायचो. अळ्या तिथे सोडत होतो आणि खालचा पाला जाळत होतो, हे आत्ता लक्षात आलं. आजपासून बंद.

धूळपाटी
२९ जुलै, रात्री ९:००

आमच्याकडे तगर नाही. कुंडीत लागेल का? नर्सरीतून आणलेल्या रोपावर औषध मारलेलं असतं, मग अळ्या कशा जगतील?

मळाकाठ
२९ जुलै, रात्री ९:४०

कुंडीत उत्तम येते, बारा-चौदा इंची घ्या. रोप विकत आणण्यापेक्षा ओळखीच्या घरून फांदी आणा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खालची पानं काढून टाका, चीक वाहायचा थांबला की मातीत खोचा. पाऊस चालू आहे, आत्ताच लावा. महिना-दीड महिन्यात मुळं धरेल. पहिल्या वर्षी अळी आली तर एकच ठेवा, बाकीच्या मोठ्या झाडावर न्या. आणि कुंडीतली गळलेली पानं उचलू नका.